दत्तक मूल घरी येतं तेव्हा

(महिला मंडळांच्या आणि वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेलं हे भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

संयोजकांनी मला विषय दिला होता ‘दत्तक : कायदा आणि प्रक्रिया’. कायदा मी सांगणार आहेच, पण सुरुवात तिथून करणार नाही. काल रात्री जेवताना तुमच्यापैकी एकीने मला विचारलं, “ताई, आमच्या वस्तीत एकीने मुलगी दत्तक घेतली आणि आता घरात रोज भांडणं आहेत. आम्ही मध्ये पडायचं की नाही?” मला वाटलं, खरा विषय हाच आहे. फॉर्म कुठे भरायचा ते कुणीही सांगेल. मूल घरात आल्यानंतर काय होतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

मी समाजकार्यात एम. एस. डब्ल्यू. केलं आणि गेली नऊ वर्षं एका दत्तक संस्थेत काम करते. माझं काम दोन टप्प्यांचं. मूल देण्याआधी त्या घरी जायचं, माणसं पाहायची, त्यांच्याशी बोलायचं आणि गृहभेटीचा अहवाल लिहायचा. मूल दिल्यानंतर दर सहा महिन्यांनी, अशी दोन वर्षं, परत जाऊन ते कसं आहे हे पाहायचं. सिनेमात दत्तकाची गोष्ट मूल उंबरठा ओलांडून आत आलं की संपते. औक्षण होतं, सनई वाजते, पडदा पडतो. माझ्या कामाचा अवघड भाग त्याच क्षणाला सुरू होतो.

आज मी एकाच घराची गोष्ट सांगणार आहे. त्या आईला विचारून सांगते आहे. नावं, गाव काही सांगणार नाही, एकदोन खुणाही बदलल्या आहेत. ती म्हणाली, “सांगा, पण मला बिचारी करू नका आणि देवीही करू नका.” तेवढं पथ्य पाळायचा प्रयत्न करते.

जिल्ह्याच्या गावातलं घर. नवरा सहकारी पतपेढीत नोकरीला. बायको घरीच ब्लाउज शिवायची, लग्नसराईत तिच्याकडे दोन मुली हाताखाली असायच्या. अकरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. मुलाच्या वेळी बाळंतपण जिवावर बेतलं होतं, डॉक्टरांनी दुसरं नको म्हणून सांगितलेलं. दोघांनाही मुलगी हवी होती. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे एकीकडे गर्भलिंगनिदान करून मुली पाडल्या गेल्या आणि दुसरीकडे देशांतर्गत दत्तकात मात्र मुलग्यांपेक्षा मुली जास्त घेतल्या जातात. याचा आनंद मानावा की त्यामागचं कारण शोधावं, हा प्रश्न मला नेहमी पडतो. “मुलगी जीव लावते”, “म्हातारपणी बघते”, असं लोक फार प्रेमाने सांगतात. म्हणजे तिच्या कामाची यादी ती येण्याआधीच तयार असते.

त्यांनी २०१९ मध्ये नाव नोंदवलं, दोन वर्षांच्या आतलं बाळ मागितलं. नोंदणी केलेली कुटुंबं हजारोंनी आणि कायद्याने दत्तकासाठी मोकळी झालेली मुलं त्या मानाने फारच थोडी, त्यामुळे लहान बाळासाठी तीन तीन वर्षं थांबावं लागतं. तशी तीन वर्षं गेली आणि मग त्यांनी आपणहून वयाची अट वाढवली. २०२२ च्या गणपतीनंतर साडेपाच वर्षांची एक मुलगी त्यांच्या घरी आली.

या घराचा गृहभेट अहवाल मीच लिहिला होता. आज तो काढून वाचला की मला लाज वाटते. घर स्वतःचं, उत्पन्न पुरेसं, आरोग्य चांगलं, पोलिसांचा दाखला, ओळखीच्यांची पत्रं. सगळं चोख. मुलाला मी एकच प्रश्न विचारला होता, “काय रे, बहीण हवी ना?” आई, बाबा, आजी, तिघंही त्याच्याकडे बघत होती. तो “हो” म्हणाला. मी लिहिलं, ‘मोठा भाऊ उत्सुक आहे.’ वडिलांबद्दल लिहिलं, ‘सहकार्य करतात.’ कुणाशी सहकार्य? मूल त्यांचंही येणार होतं की फक्त बायकोचं? पण त्या वेळी मला या वाक्यात काही खटकलं नाही.

मुलगी आली. दारात औक्षण झालं, गल्लीत पेढे वाटले. शिशुगृहातल्या मावश्यांनी तिला चार दिवस पढवून पाठवलं होतं, त्यामुळे पायरीवरूनच तिने “आई” म्हणून हाक मारली आणि सगळ्यांचे डोळे भरून आले. पहिले पंधरा दिवस ती इतकी गुणी होती की शेजारणी मुद्दाम बघायला यायच्या. ताटातलं सगळं संपवायची, स्वतःचं ताट घासायला न्यायची, सांगितलं की झोपायची. मी पंधराव्या दिवशी गेले आणि वहीत लिहिलं, ‘मूल रुळते आहे.’

बायांनो, साडेपाच वर्षांचं मूल पंधरा दिवसांत रुळत नाही. ते पाहुणं असतं. पाहुण्याला ठाऊक असतं की नीट वागलं नाही तर परत जावं लागेल. या मुलीने तर शिशुगृहात हे पाहिलेलं होतं. तिथे किती तरी मुलं नवे कपडे घालून गाडीत बसून गेली. एक मुलगा तीन महिन्यांनी परत आला. मुलं आपसात काय बोलत असतील याचा आपण विचार करत नाही.

पंधरवडा सरला आणि ती वागायला लागली. म्हणजे खरं वागायला लागली. शिलाई मशीनच्या मागे मुंग्यांची रांग दिसली म्हणून आईने मशीन ओढलं, तर मागे पोळ्या. चार-पाच दिवसांच्या, वाळलेल्या, घडी घालून ठेवलेल्या. गादीखाली बिस्किटं. जेवायला बसली की पोट फुटेस्तोवर खायची आणि मग उलटी करायची. तिच्यासाठी वेगळी खोली सजवली होती, गुलाबी चादर, बाहुल्या. त्या खोलीत ती एक रात्रही झोपली नाही. शिशुगृहात वीस मुलं एका रांगेत झोपतात आणि रात्रभर दिवा असतो. ही अंधारात एकटी कशी झोपेल? ती उठून भावाच्या पलंगाखाली फरशीवर जाऊन झोपायची. तो चिडायचा. अंथरूण ओलं व्हायचं. एकदा भाजीवालीचं बोट धरून तीन गल्ल्या पलीकडे गेली, कारण भाजीवाली तिच्याशी गोड बोलली होती. संस्थेत वाढलेलं मूल कुणाबरोबरही जातं. लोक म्हणतात, “किती मोकळी आहे, परकेपणा नाही.” खरं तर तिला आपलं आणि परकं यातला फरक शिकायलाच मिळालेला नसतो. तिच्या आजवरच्या आयुष्यात प्रत्येक बाई पाळी संपली की घरी गेलेली असते.

हे सगळं मला पुस्तकातून ठाऊक होतं. त्या आईला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मी सांगितलं होतं, एका तासाच्या बैठकीत, दहा इतर गोष्टींबरोबर.

आणि मग एक दिवस तिने कात्री घेतली आणि गिऱ्हाइकाचं कापड कापलं. लग्नाचं ब्लाउजपीस, पैठणीच्या काठाचं. मुलीने त्यातून बाहुलीला झगा केला होता. आईने तिला मारलं. एक चापट नव्हे, चांगलं मारलं. रात्री साडेदहाला मला फोन आला. “ताई, उद्या या आणि तिला घेऊन जा.”

त्या वेळी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश व्हायचा होता. कायद्याच्या भाषेत मूल अजून दत्तकपूर्व संगोपनात होतं. म्हणजे परत करणं शक्य होतं, कागदोपत्री सोपंही होतं. मी सकाळच्या पहिल्या एस. टी.ने गेले. सगळा प्रवासभर मनात एकच, ही मुलगी दुसऱ्यांदा त्या फाटकातून आत जाईल आणि मग ती कुणावर विश्वास ठेवेल?

ती आई स्वयंपाकघरात बसली होती. तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत सांगते. “मला तिच्याबद्दल काही वाटतच नाही हो. मी रोज वाट बघते की आज वाटेल. तिला जवळ घेते तर अंगाचा वास परका वाटतो. मुलगा झाला तेव्हा असं झालं नव्हतं. मी वाईट बाई आहे का?”

मैत्रिणींनो, आपण इतकी वर्षं मातृत्वाच्या उदात्तीकरणाविरुद्ध बोलतो. आई म्हणजे त्याग, आई म्हणजे दैवत, हे सगळं बाईच्या पायातली बेडी कशी होते हे गटचर्चेत मांडतो. पण ती बेडी प्रत्यक्ष कशी रुतते हे मी त्या स्वयंपाकघरात पाहिलं. पोटच्या मुलाबद्दलही पहिल्या दिवसापासून प्रेम वाटतंच असं नाही. कित्येक बाळंतिणी रडतात, बाळाकडे बघवत नाही म्हणतात. पण तिथे निदान सगळे समजून घेतात, “ओली बाळंतीण आहे, होतं असं.” तिला सव्वा महिना विश्रांती असते, डिंकाचे लाडू असतात, माहेर असतं. साडेपाच वर्षांच्या मुलीची आई एका दिवसात झालेल्या बाईला काय मिळतं? पेढे वाटायचं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच पाच जणांच्या पोळ्या करते आणि दुपारी मशीनवर बसते. आणि वर सगळं जग सांगतं, “केवढं पुण्य केलंस!” पुण्यवान बाईला तक्रार करायची सोयच नाही.

रजेचं म्हणाल तर २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा दत्तक घेणाऱ्या आईला बारा आठवड्यांची रजा दिली गेली, पण अट अशी घातली की मूल तीन महिन्यांच्या आतलं हवं. आता बघा, आईने मूल संस्थेला सोपवलं तर तिला फेरविचारासाठी साठ दिवस दिले जातात. सापडलेलं मूल असेल तर आईवडिलांचा शोध, बाल कल्याण समितीचा निर्णय, यात निदान दोन महिने जातात. मग पुढची प्रक्रिया. तीन महिन्यांच्या आत मूल घरात येणार कसं? या अटीविरुद्ध एका दत्तक आईनेच सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. आणि लहान बाळापेक्षा साडेपाच वर्षांच्या मुलीला आईच्या वेळेची गरज कमी असते, हे कुणी ठरवलं? माझ्या गोष्टीतली बाई तर घरी शिवणारी. तिला कुठलीच रजा नाही, तुमच्यापैकी निम्म्या जणींसारखीच.

मी तिला म्हणाले, “तुम्ही वाईट नाही. तुम्ही थकलेल्या आहात. मुलगी न्यायची तर मी नेईन, तुम्हाला दोष न देता नेईन. पण मला पंधरा दिवस द्या आणि आज संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बसवा.” हे बोलताना माझा आवाज स्थिर होता, पण मनात धाकधूक होती. मारहाण झालेली होती. मूल त्या घरात ठेवणं बरोबर की चूक, हे मला तेव्हा नक्की सांगता आलं नसतं. मी संस्थेत वरिष्ठांना कळवलं आणि त्या गावात चार दिवस मुक्काम केला, रोज त्या घरी जात राहिले.

बैठकीत नवरा म्हणाला, “मी हिला होईल ती मदत करतो.” मी म्हटलं, “दादा, मदत परक्याला करतात. मूल तुमचं आहे.” ते रागावले, पण ऐकलं. ठरलं असं की महिनाभर सकाळची अंघोळ, वेणी, शाळेत सोडणं आणि रात्री झोपवणं हे सगळं त्यांनी करायचं. त्यांना वेणी येत नव्हती. शिकले. मुलगी पहिले आठ दिवस वाकड्या भांगाने शाळेत गेली. आईची बहीण आठ दिवस राहायला आली, येताना लाडू घेऊन आली आणि बहिणीला म्हणाली, “बाळंतीणच आहेस तू, उठू नकोस.” शिवणाच्या खोलीला कडी लागली. आणि मुलीने खोलीत एकटं झोपायचं नाही, आईबाबांच्या खोलीत दिवा लावून झोपायचं, हेही ठरलं.

पण खरं वळण या बैठकीने आलं नाही. ते आणलं सासूबाईंनी, आणि त्यांच्याकडून माझी काडीची अपेक्षा नव्हती. याच बाईंनी मला पहिल्या भेटीत विचारलं होतं, “कुणाच्या पोटची, कुठल्या जातीची, काही कळेल का?” मी ‘आजींचा विरोध सौम्य आहे’ असं काहीतरी लिहून मोकळी झाले होते.

बैठकीनंतर पोळ्यांचा विषय निघाला. सून म्हणाली, “अहो आई, घरात इतकं असताना ती चोरते का?” आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मी सतरा वर्षांची या घरात आले. दुसऱ्या वर्षी बहात्तरचा दुष्काळ पडला. सगळ्यांची जेवणं झाली की सुनांनी बसायचं, तोवर भांडं खरवडलेलं. मी भाकरीचा चतकोर कणगीमागे लपवायची. सासूने धरलं तर चोर म्हणाली.” दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पितळी डबा घासून काढला, त्यात पोळी आणि गुळाचा खडा ठेवला आणि मुलीच्या हाताला येईल अशा फळीवर ठेवून म्हणाल्या, “हा तुझा. रिकामा झाला की मी भरीन. कुणाला विचारायचं नाही.” डबा दिवसातून तीनदा रिकामा व्हायचा. मग दोनदा. दिवाळीनंतर कधीतरी आजी मला म्हणाल्या, “कालची पोळी तशीच होती बघ.”

दुसरी गोष्ट नावाची. शिशुगृहात तिला एक नाव होतं. घरच्यांनी हौसेने नवं ठेवलं, आजकालचं, भावाच्या नावाला जुळणारं. नव्या नावाने हाक मारली की ती उत्तर द्यायची नाही. मुख्याध्यापकांची तक्रार आली की ऐकायला कमी येतं का, तपासून घ्या. कानाची तपासणीही झाली! आजींनीच एकदा ओट्यावर बसून तिला विचारलं, “तुझं नाव काय गं?” तिने जुनं नाव सांगितलं. आजी सुनेला म्हणाल्या, “माझं नाव लग्नात तांदळात लिहून बदललं. माहेरचं नाव शेवटचं कुणी घेतलं ते आठवत नाही मला. हिचं राहू दे.”

आपण किती बैठकांमध्ये लग्नानंतर नाव बदलण्याबद्दल बोललो असू. मी स्वतः लग्नानंतर नाव बदललं नाही, त्याचा मला अभिमानही आहे. आणि तरीही साडेपाच वर्षांच्या मुलीचं नाव बदलताना मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. परक्या घरी यायचं, नाव टाकायचं, ‘आता हीच तुझी माणसं’ असं एका दिवसात मानायचं आणि गुणी राहायचं, हे सगळं त्या घरात आधी एकीने केलेलं होतं. तिने ते ओळखलं. माझ्या एम. एस. डब्ल्यू.ने ओळखलं नाही.

आता आजी एकदम बदलल्या असं समजू नका. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी आल्यागेल्यांना “ही आमची घेतलेली मुलगी” अशीच ओळख करून दिली. सून आतून ऐकत होती. जातीचा प्रश्नही त्यांच्या मनातून गेला नाही, फक्त त्या तो विचारायच्या थांबल्या. आणि मोठा मुलगा? त्याचं अजूनही पूर्ण जुळलेलं नाही. अकरा वर्षं तो एकटा होता, एका दिवसात सगळं वाटून घ्यायला लागलं, आणि त्याने तक्रार केली की मोठी माणसं म्हणायची, “ती बिचारी अनाथ आहे रे.” एकदा चिडून तो मला म्हणाला, “मला कुणी विचारलंच नव्हतं.” त्याचं खरं होतं. हल्ली मी घरातल्या मुलांना एकटं भेटते, घराबाहेर, एक चक्कर मारून आणते. आणि ‘अनाथ’ हा शब्द आईबाप मिळालेल्या मुलाबद्दल वापरू नका, एवढं त्या घरात जातायेता सांगत असते.

‘आई’ या हाकेचं राहिलं. पहिल्या दिवशी पढवलेली ती हाक मारल्याच्या दिवसानंतर बंद झाली होती. ती सगळ्या बायकांना म्हणते तसं हिलाही ‘मावशी’ म्हणायला लागली. सहा-सात महिने ‘मावशी’. बाजारात लोक बघायचे. आईने तिच्यावर जबरदस्ती केली नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. मग एक दिवस रविवारी बागेत नेते म्हणून सांगितलं आणि गिऱ्हाईक आलं म्हणून नेलं नाही. मुलगी पाय आपटून ओरडली, “आई, तू खोटारडी आहेस!” फोनवर हे सांगताना ती बाई हसत होती आणि रडतही होती.

आता थोडा कायदा सांगते, कारण तुमच्याकडे लोक विचारायला येतात.

१९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने दत्तक घेताच येत नव्हतं. घेणारा नवरा, बायकोची फक्त संमती. अविवाहित, विधवा, घटस्फोटित बाई घेऊ शकत होती, पण नवरा असलेली नाही! हे बदलायला २०१० साल उजाडलं. तेव्हापासून विवाहित स्त्रीही नवऱ्याच्या संमतीने दत्तक घेऊ शकते. त्या कायद्यात आणखी एक मेख आहे, घरात मुलगा असला तर दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही, मुलगी असली तर मुलगी नाही. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी यांना तो लागूच नाही. त्यांना १८९० च्या कायद्याखाली फक्त पालक होता यायचं, आईबाप नाही. बाल न्याय कायद्याने ही वाट सगळ्यांना मोकळी केली आणि २०१४ साली शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की धर्म कुठलाही असो, या कायद्याखाली दत्तक घेता येतं. आताचा बाल न्याय कायदा २०१५ चा. त्यानुसार जोडपं असेल तर दोघांची संमती हवी आणि लग्नाला दोन वर्षं झालेली हवीत. एकटी बाई मुलगा किंवा मुलगी घेऊ शकते, एकट्या पुरुषाला मुलगी घेता येत नाही. नोंदणी केंद्राच्या ‘कारा’ या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर होते. पूर्वी आदेश कोर्ट द्यायचं, २०२१ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे प्रत्यक्षात सप्टेंबर २०२२ पासून, जिल्हाधिकारी देतात.

दवाखान्यातून, ओळखीच्या नर्सकडून, ‘गरीब बाई आहे, तिला नकोच आहे’ असं सांगून परस्पर मूल घेणं हा गुन्हा आहे. पैसे देऊन मूल घेतलं किंवा दिलं तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘आईबाप गेले, बाळ दत्तक द्यायचं आहे’ असे निरोप सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होते, तुमच्याही आले असतील. भल्या माणसांनी ते पुढे पाठवले. असं मूल दिसलं तर १०९८ ला फोन करायचा किंवा बाल कल्याण समितीला कळवायचं, स्वतः घरी न्यायचं नाही.

आणि त्या ‘नकोच आहे’ म्हटल्या गेलेल्या बाईचा विचार आपण नाही केला तर कोण करणार? प्रत्येक दत्तक मुलामागे एक बाई असते, कधी कुमारिका, कधी फसवलेली, कधी चौथी मुलगी झालेली. तिला साठ दिवस मिळतात हे तिला कुणी सांगतं का? त्या साठ दिवसांत तिला राहायला जागा, काम, कुणाचा आधार मिळाला असता तर तिने मूल सोपवलं असतं का? महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा त्यांनी आधी त्या बाईलाच दार उघडलं. तिथेच काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला. १८९० मध्ये जोतिराव गेले तेव्हा भाऊबंदांनी यशवंतला टिटवं धरू दिलं नाही, दत्तकाला तो हक्क नाही म्हणाले. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं धरून प्रेतयात्रेपुढे चालत जाऊन अंत्यसंस्कार केले, असं चरित्रकार सांगतात. हे इतक्यासाठी सांगितलं की आमच्या या घरातही मुलीच्या काकांनी पहिला प्रश्न काय विचारला? “घरावर हिचं नाव लागणार का?” उत्तर, हो. आदेश झाल्या दिवसापासून तिचा हक्क भावाइतकाच.

या मुलीच्या पहिल्या आईबद्दल कागदात एकच ओळ आहे. ती मुलीने अजून वाचलेली नाही. पण दुसरीत असताना शाळेने ‘माझे कुटुंब’ या प्रकल्पासाठी जन्माच्या वेळचा फोटो मागितला आणि ती घरी येऊन म्हणाली, “माझा का नाही?” आईने मला फोन करून विचारलं, “तुझी आई देवाघरी गेली असं सांगू का?” मी म्हटलं, नको. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असं सांगा. तिने मुलीला सांगितलं, “तू माझ्या पोटातून आली नाहीस. जिच्या पोटातून आलीस ती कुठे आहे मला माहीत नाही. तू मोठी झालीस आणि तुला शोधावंसं वाटलं तर मी बरोबर येईन.” कायद्यानेही अठरा वर्षांनंतर मुलाला तशी विचारणा करता येते, जन्मदात्रीची संमती असेल तेवढीच माहिती मिळते. प्रकल्पाच्या वहीत तिने आजीबरोबर डबा धरून काढलेला फोटो चिकटवला. बाई ‘जन्माच्या वेळचा हवा होता’ असा शेरा मारून मोकळ्या झाल्या. तुमच्यापैकी ज्या शिक्षिका आहेत त्यांनी हा प्रकल्प देण्याआधी वर्गाकडे एकदा बघावं, एवढी विनंती.

माझी शेवटची भेट २०२४ च्या दिवाळीनंतर झाली. दोन वर्षं ही मुलगी मी गेले की माजघरात जाऊन लपायची. मला वाटायचं लाजते. आईने सांगितलं तेव्हा कळलं, मी म्हणजे मुलांना गाडीतून आणणारी आणि नेणारी बाई. त्या दिवशी ती पाण्याचा तांब्या घेऊन आली, समोर उभी राहिली आणि म्हणाली, “तू मला न्यायला आलीस का?” मी म्हटलं, “नाही गं. कागद लिहायला आले.” तिने माझ्या वहीत डोकावून पाहिलं. “मग माझं नाव नीट लिही. मागच्या वेळी दुसरंच लिहिलं होतंस.”

मी खोडून नीट लिहिलं.

कालचा प्रश्न विचारणाऱ्या ताईंसाठी, हो, मध्ये पडा, पण आधी त्या आईसाठी डबा घेऊन जा आणि तिचं ऐकून घ्या. मुलीला मारहाण होत असेल तर गप्प बसू नका, ज्या संस्थेने मूल दिलं तिथल्या कार्यकर्तीला कळवा, लाज बाळगू नका. चहानंतरच्या सत्रात कागदपत्रं कशी करायची ते दाखवते. ज्यांच्या वस्तीत असं घर आहे त्यांनी मला जेवणाच्या सुट्टीत गाठावं, सगळ्यांसमोर बोलायची गरज नाही.